प्रतिस्पर्ध्याचा शेजार

कोंकणांतील भजनाची डबलबारी ज्यांनीं एकदां ऐकली आहे, त्यांना तिचा रंग वर्णन करून सांगावयास नको. कणकवली, देवगड, वैभववाडी या भागांत मांडवाखालीं दोन भजनी मंडळ्या समोरासमोर बसतात. प्रत्येकीचा आपला बुवा, आपली पेटी, आपला पखवाज. एका बुवानें आपली बारी मांडावी, दुसऱ्यानें तिला उत्तर द्यावें, कधीं कोटी करावी, कधीं चिमटा काढावा, आणि असें करतां करतां मध्यरात्र उलटून जावी. ही चुरस लटकी नसते. ज्याची बारी पडली त्याची पुढची सुपारीहि हातची जाण्याचा संभव असतो. तथापि दोन्ही बुवा एक गोष्ट मनांत पक्की जाणून असतात. समोरचा बुवा आलाच नाहीं, तर डबलबारी होत नाहीं. आपली विद्या लोकांपुढें यावी म्हणून ज्याची गरज आहे, तोच आपला प्रतिस्पर्धी आहे.

भजनाच्या मांडवांत सहज उमगणारी ही गोष्ट बाजारपेठेंत मात्र फार थोड्यांना उमगते. एका आळींत दोन शिंपी, दोन आचारी किंवा दोन मांडववाले असले, कीं त्यांचें एकमेकांशीं बोलणें नसावयाचें, असें लोक गृहीतच धरतात. एकाचें गिऱ्हाईक वाढलें तें दुसऱ्याचें तुटलें, असा हा हिशेब आहे. हा हिशेब कोठें बरोबर आहे आणि कोठें चुकतो, हें पाहण्यासारखें आहे. कारण त्याच्या चुकीचा भुर्दंड त्या दोघांनाच नव्हे, तर ज्यांच्या घरचें कार्य त्यांच्यावर अवलंबून असतें अशा प्रत्येक कुटुंबाला पडतो.

माल विकणाऱ्याचा धंदा आणि सेवा देणाऱ्याचा धंदा यांत एक मूलभूत फरक आहे. कापडवाल्याचें लुगडें आज खपलें नाहीं तर उद्यां खपतें. आचाऱ्याचा रिकामा गेलेला दिवस कोठारांत भरून ठेवतां येत नाहीं. उलट एकाच दिवशीं चार बोलावणीं आलीं, तर त्याला स्वतःचे चार तुकडेहि करतां येत नाहींत. कष्ट हा नाशवंत माल आहे. म्हणून लहान सेवाव्यवसायाला दोन रोग कायमचे जडलेले असतात: काम नसलें तर उपासमार, आणि काम आलें तर लाचारीनें दिलेला नकार.

वैभववाडीसारख्या गांवीं हे दोन्ही रोग विशेष तीव्रतेनें जाणवतात. सिंधुदुर्ग जिल्हा किनाऱ्यासाठीं प्रसिद्ध असला, तरी हें तालुक्याचें गांव समुद्रकांठीं नाहीं. तें सह्याद्रीच्या पायथ्याशीं आहे. गगनबावड्याकडे, आणि तेथून कोल्हापुराकडे जाणारे करुळ व भुईबावडा हे दोन घाट याच तालुक्यांतून वर चढतात. १९९८ सालीं कोंकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर गाड्या धांवूं लागल्या, आणि ‘वैभववाडी रोड’ या स्थानकामुळें मुंबई जवळ आली. गणेशचतुर्थी, शिमगा आणि मे महिना या तीन वेळांना चाकरमानी मंडळी गांवीं लोटते. मग रिक्षा पुरत नाहीं, आचारी मिळत नाहीं, मांडवाचीं कापडें अपुरीं पडतात. पाऊस लागला कीं तेंच कापड घडी घालून माळ्यावर जातें. घाटांत दरड कोसळली तर वर जाणारें भाडेंहि थांबतें. २०२४ सालीं करुळ घाटाचा रस्ता रुंदीकरणासाठीं बंद ठेवण्यांत आला, तेव्हां वाहनांना दूरच्या वाटेनें जावें लागलें. अशा गांवीं कामाची भरती आणि ओहोटी कोणा एकाच्या हातीं नसते.

आतां एक प्रसंग कल्पून पाहूं. वैशाखांतील एका तिथीला एका आचाऱ्यानें दोनशें पानांचें लग्न पत्करलें आहे. विसार घेतला आहे, सामानाची यादी करून दिली आहे, पाहुणे मुंबईहून गाडींत बसले आहेत. आणि आदल्या संध्याकाळीं आचाऱ्याला कडकडून ताप भरला. त्या रात्रीं त्याला कोण वांचवील? वाणी उधार देईल, पण तो भात शिजवीत नाहीं. मेहुणा धांवून येईल, पण दोनशें पानांना नारळ किती लागतात हें त्याला ठाऊक नाहीं. वांचवूं शकेल असा माणूस अख्ख्या गांवांत एकच असतो, आणि तो म्हणजे पलीकडच्या वाडींतला दुसरा आचारी. ‘अहो, उद्यांचें कार्य तेवढें तुम्हीं संभाळा,’ एवढेंच वाक्य त्याच्या दारीं जाऊन बोलावयाचें असतें. परंतु दोघांनीं पांच वर्षें एकमेकांचें तोंड पाहिलें नसेल, तर तें वाक्य ओंठांवर येत नाहीं. दाराची कडी वाजविण्यापूर्वींच हात मागें येतो. अशा वेळीं वधूपित्याची फजिती होते. आणि आचाऱ्याची पत एका दिवसांत जी जाते, ती मग वर्षानुवर्षें परत येत नाहीं.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. प्रतिस्पर्ध्याशीं स्नेह ही केवळ सौजन्याची बाब नव्हे. धंद्याचा तो विमा आहे, आणि त्याचा हप्ता पैशांत नव्हे, वागणुकींत भरावयाचा असतो. विमा आग लागल्यावर उतरवितां येत नाहीं, तसाच हा स्नेहहि अडचण आल्यावर जोडतां येत नाहीं.

असा स्नेह प्रत्यक्षांत चालतो काय, या शंकेचें उत्तर सिंधुदुर्गांतच मिळतें. दशावताराच्या नाटक मंडळ्या या त्या मुलखांतील जुन्या व्यावसायिक संस्था. पार्सेकर, वालावलकर, मोचेमाडकर, आजगांवकर, खानोलकर, चेंदवणकर हीं नांवें तेथें घरोघरीं ठाऊक आहेत. दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला, कीं या मंडळ्या पावसाच्या तोंडापर्यंत गांवोगांव फिरतात. सुपारी मिळविण्यासाठीं त्यांच्यांत चुरस असते, कोणत्या मंडळीचा राजा चांगला आणि कोणाची स्त्रीभूमिका सरस याची चर्चा रसिकांत चालते. तरीहि ‘संयुक्त दशावतार’ या नांवाचे प्रयोग तेथें होतात. त्यांत निरनिराळ्या मंडळ्यांतील नामांकित नट एकाच रंगभूमीवर उभे राहतात. ज्यांच्याशीं काल स्पर्धा होती, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून आज आख्यान रंगवावयाचें!

हें साधतें कसें? त्याचें कारण या कलेच्या रचनेंत आहे. दशावताराच्या आख्यानाची लिखित संहिता नसते. प्रयोगापूर्वीं कथानक आणि प्रवेशांचा क्रम सांगितला जातो, आणि संवाद नट ऐन वेळीं आपल्या बुद्धीनें रचतात. आरंभींचा आडदशावतार, त्यांतील गणपतीचें आगमन, संकासुराचें सोंग, हार्मोनियम, पखवाज आणि झांज यांची साथ, हे संकेत सर्व मंडळ्यांना सामाईक आहेत. रंगरंगोटीहि ज्याची त्यानें करावयाची असते. म्हणून एका मंडळीचा नट दुसरीच्या प्रयोगांत उभा राहिला तरी खोळंबा होत नाहीं. धंद्याची पद्धत सामाईक आणि कसब ज्याचें त्याचें, अशी वांटणी असली म्हणजे साह्य करणें सोपें जातें. जो आपल्या कामाची प्रत्येक रीत लपवून ठेवतो, त्याच्या अडचणीच्या दिवशीं दुसऱ्याला मदत करण्याची इच्छा असली तरी ती करतां येत नाहीं.

सिंधुदुर्गाबाहेर पाहिलें तर मुंबईच्या डबेवाल्यांचें उदाहरण आहे. घरचें जेवण कचेरींत पोंचविण्याचा हा व्यवसाय १८९० सालीं महादेव हावजी बच्चे यांनीं सुरू केला असें मानलें जातें. पुणें जिल्ह्याच्या मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगांव या भागांतील माणसें त्यांत मुख्यतः आहेत. बाहेरच्या माणसाला ती एकच मोठी पेढी वाटते. परंतु वस्तुतः ते मुकादमांच्या हाताखालचे अनेक लहान लहान गट आहेत. प्रत्येक गटाचीं गिऱ्हाइकें वेगळीं, हिशेब वेगळा, आणि मिळकत त्या गटांतील माणसांनीं वांटून घ्यावयाची. गिऱ्हाईक मिळविण्यांत गटागटांत स्पर्धा असते; पण सकाळीं डबे एकदां स्थानकावर आले, कीं ती स्पर्धा बाजूला राहते. डब्यावरच्या रंगांच्या, अक्षरांच्या आणि आंकड्यांच्या खुणा सर्वांना वाचतां येतात. डबा जो घरून उचलतो तोच तो कचेरींत नेऊन देतो असें नाहीं. वाटेंत तो तीन-चार हातांतून जातो. १९५६ सालीं या मंडळींच्या नांवानें विश्वस्त संस्थेची नोंदणीहि झाली. २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदीमुळें हें काम थांबलें आणि त्यानंतर डब्यांची व माणसांची संख्या पुष्कळ घटली. परंतु सव्वाशें वर्षांहून अधिक काळ हा व्यवहार टिकला, त्याचें एक कारण हेंच आहे कीं स्पर्धा कोठें संपते आणि सहकार कोठें सुरू होतो, याची रेघ त्यांनीं स्पष्ट आंखलेली आहे.

या वागणुकीचा शास्त्रीय विचारहि झालेला आहे. अमेरिकेंतील राज्यशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनीं १९८० च्या सुमारास संगणकावर एक चमत्कारिक स्पर्धा भरविली. दोन पक्षांची पुन्हां पुन्हां गांठ पडते. प्रत्येक गांठीच्या वेळीं सहकार करावयाचा कीं दगा द्यावयाचा हें ठरवावयाचें. आणि शेवटीं कोणाच्या पदरीं अधिक गुण पडतात तें पाहावयाचें, असा तो डाव होता. पहिल्या वेळीं विद्वानांनीं १४ युक्त्या पाठविल्या, दुसऱ्या वेळीं ६२. दोन्ही वेळां अ‍ॅनाटोल रापोपोर्ट यांनीं पाठविलेली अगदीं साधी रीत पहिली आली. ती रीत अशी: प्रथम आपण होऊन सहकार करावा, पुढें समोरच्यानें मागच्या गांठीला जसें वर्तन केलें असेल, तसेंच आपण करावें. म्हणजे दगा आपण आधीं द्यावयाचा नाहीं. दिला गेला तर तो मुकाट्यानें गिळावयाचाहि नाहीं. आणि समोरचा सुधारला, कीं जुनें उकरून काढावयाचें नाहीं. १९८४ सालीं अ‍ॅक्सेलरॉड यांनीं या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांतील मर्माची गोष्ट अशी, कीं पुन्हां गांठ पडण्याची खात्री असेल तरच ही रीत लाभते. वैभववाडीच्या बाजारांत ती खात्री पुरेपूर असते. आज ज्याचें गिऱ्हाईक फोडलें, तो उद्यां सकाळीं बसच्या थांब्यावर शेजारीं उभा असतो!

हा स्नेह जोडावा कसा, याला फार मोठी विद्या लागत नाहीं. नव्यानें धंदा मांडणाऱ्यानें जुन्या माणसाच्या दारीं आधीं आपण जावें. त्याच्या वयाचा आणि अनुभवाचा मान ठेवावा. गिऱ्हाइकानें दुसऱ्याची निंदा आरंभली तर तिला दुजोरा देऊं नये, कारण निंदेला पाय असतात आणि लहान गांवांत ती संध्याकाळच्या आंत मूळ ठिकाणीं पोंचते. आपल्याला न जमणारें काम ‘जमणार नाहीं’ म्हणून तोडून टाकण्याऐवजीं दुसऱ्याकडे नांव सांगून पाठवावें. मोठी कढई, जादा सतरंज्या, शिलाईयंत्राचा सुटा भाग अशा वस्तू मागितल्या तर द्याव्या, घेतल्या तर मोजून, पुसून, सांगितल्या दिवशीं परत कराव्या. हंगामापूर्वीं एकदां बसून कोणाच्या कोणत्या तारखा भरल्या आहेत तें पाहून घ्यावें. म्हणजे अडीअडचणीला कोणाला हांक मारावयाची हें आधींच कळतें.

यांत मैत्री मोडण्याच्या जागाहि ठरलेल्या आहेत. पहिली जागा म्हणजे उसनें आलेलें गिऱ्हाईक. एका आचाऱ्याच्या आजारपणांत दुसऱ्यानें त्याचें कार्य संभाळलें, तें ठीकच. परंतु निघतांना ‘पुढच्या वेळीं थेट मलाच सांगा’ असें यजमानाच्या कानांत सांगितलें, तर त्यानें उपकार केला नाहीं, चोरी केली. यजमानानें आपण होऊन पुढें त्याला बोलाविलें तर गोष्ट निराळी. तेव्हांहि पहिल्याला उघडपणें कळवावें. दुसरी जागा म्हणजे पैसा. कोणी किती घ्यावयाचे तें कामाला हात लावण्यापूर्वीं बोलून घ्यावें आणि त्याच दिवशीं चुकतें करावें. तिसरी जागा म्हणजे हाताखालचा माणूस. दुसऱ्याचा मदतनीस ऐन हंगामांत फितवून नेणें यासारखी जखम नाहीं. गडी आपल्या इच्छेनें कोठेंहि जावयास मोकळा आहे. पण बोलणें झाकून ठेवूं नये आणि लग्नाच्या आदल्या दिवशीं उचलूं नये.

येथपर्यंत ऐकून एखाद्या चतुर गृहस्थाच्या मनांत शंका येईल. हे दोघे असे गळ्यांत गळा घालूं लागले तर गिऱ्हाइकाचा गळा कापला जाणार नाहीं काय? ही शंका खोटी नाहीं. एका धंद्याचीं माणसें एकत्र आलीं कीं भाव चढविण्याची मसलत निघण्याचा संभव असतो, हा इशारा अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ यांनीं १७७६ सालच्या आपल्या ग्रंथांतच देऊन ठेविला आहे. भारतांत याविषयीं २००२ चा स्पर्धा अधिनियम आहे. प्रतिस्पर्ध्यांनीं आपसांत ठरवून भाव बांधणें, पुरवठा आंखडून धरणें, किंवा मुलूख व गिऱ्हाइकें वांटून घेणें या गोष्टी त्याच्या तिसऱ्या कलमाखालीं येतात. शेजारच्या गोव्यांत औषधविक्रेत्यांच्या एका संघटनेला २०१२ सालीं भारतीय स्पर्धा आयोगानें दंड केला. संघटनेच्या संमतीचा दाखला मागण्यासारख्या प्रथांनीं तिनें पुरवठ्यावर निर्बंध घातले, हा त्यांतील एक मुख्य आक्षेप होता.

तेव्हां स्नेह आणि संगनमत यांतील फरक नीट ध्यानांत ठेवावा. दोघां आचाऱ्यांनीं एकमेकांना कढई दिली, आजारपणांत काम संभाळलें, पैसे बुडविणाऱ्या यजमानाचा अनुभव बोलून दाखविला, तर गांवांतलें काम अडत नाहीं. गिऱ्हाइकाचें हितच होतें. पण ‘यंदां पानामागें अमुकच घ्यावयाचे’ किंवा ‘ही वाडी तुझी, ती माझी’ असें दोघांनीं ठरविलें, कीं गिऱ्हाइकाची निवड संपली. कसोटी सोपी आहे. दोघांत जें ठरलें तें गिऱ्हाइकासमोर मोठ्यानें सांगतां येतें काय? ‘माझ्या कढईला भोंक पडलें, म्हणून त्यांची आणली’ हें कोणालाहि सांगतां येतें. ‘आम्हीं दोघांनीं मिळून तुमचा भाव ठरविला आहे’ हें सांगतांना जीभ अडखळते. जें सांगतां येत नाहीं तें करूं नये. भाव ज्यानें त्यानें आपल्या खर्चाकडे आणि कसबाकडे पाहून ठरवावा; तेथें स्पर्धा राहूं द्यावी. ती राहिली तरच काम चांगलें होतें.

शेवटीं दोन शब्द गिऱ्हाइकांविषयीं. कारण शहरांतील सुशिक्षित कुटुंबें या व्यवहारांत केवळ प्रेक्षक नसतात. भाव पाडण्यासाठीं ‘तो पलीकडचा तर निम्म्यांत करतो’ असें खोटेंच सांगण्याची खोड पुष्कळ घरांत असते. त्यानें दहा-वीस रुपये वांचत असतील. परंतु दोन कष्टाळू माणसांच्या मनांत विनाकारण विष कालविलें जातें. आणि मग ज्या दिवशीं नळ फुटतो व नेहमींचा कारागीर परगांवीं असतो, त्या दिवशीं दुसरा त्याच्या गिऱ्हाइकाकडे यावयास नाखूष असतो. तें विष उलटून आपल्याच घरीं येतें. तसेंच ठरविलेल्या माणसाऐवजीं त्यानें पाठविलेला दुसरा दारीं आला, तर त्याला संशयानें वागवूं नये. काम तपासून घ्यावें, ठरलेले पैसे द्यावे, आणि पहिल्यालाहि ‘तुम्हीं माणूस चांगला पाठविला’ असें कळवावें.

यंदांच्या गणपतींत गांवीं गेलेल्या कोणा चाकरमान्याला एखादा मांडववाला म्हणेल, ‘त्या दिवशीं माझ्यानें होणार नाहीं, पण पलीकडच्या आळींत अमुक आहेत, त्यांच्याकडे जा आणि माझें नांव सांगा.’ तें ऐकून त्यानें रागावूं नये. गिऱ्हाईक आपल्या हातानें दुसऱ्याच्या दारीं पोंचविण्याइतका विश्वास ज्या दोघांत आहे, त्यांच्या गांवांत मांडव वेळेवर उभा राहील, आणि त्याच्याखालीं रात्रीं डबलबारीहि रंगेल.